पानाची भाषा आणि प्रिंटरचे वाचन

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणकावरील कागदपत्रे छापताना येणाऱ्या अडचणींवर आपल्या दैनिकाच्या पुरवणीत नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. वाचकांच्या रोजच्या त्रासाचा विषय घेतल्याबद्दल लेखकाचे आभार मानलेच पाहिजेत. मात्र ‘फाईल पडद्यावर नीट दिसते आणि कागदावर बिघडते, तेव्हा दोष प्रिंटरचा’ या गृहीतकावर त्या लेखाचा सारा भर होता आणि उपाय म्हणून मुख्यतः ड्रायव्हर (संगणकाचे काम प्रिंटरपर्यंत पोहोचवणारा प्रोग्राम) पुन्हा बसवणे, केबल बदलणे व शेवटी प्रिंटरच बदलणे हेच त्यात सुचवले होते. छपाईपूर्व कामात बरीच वर्षे काढलेला माणूस म्हणून मला हे गृहीतकच तपासून घ्यावेसे वाटते. पडद्यावर दिसणारे पान आणि कागदावर उमटणारे पान ही एकाच फाईलची दोन स्वतंत्र वाचने असतात. ती दोन वेगळे प्रोग्राम करतात, पुष्कळदा दोन वेगळ्या यंत्रांत करतात, आणि फाईलने जे स्पष्ट सांगितलेले नसते ते प्रत्येक जण आपापल्या समजुतीने भरून काढतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक बिघाड या न सांगितलेल्या गोष्टींतून उद्भवलेले आहेत.

लेसर प्रिंटरला कागदावर फक्त ठिपके उमटवता येतात. इंचाला ६०० ठिपके या मापाने ए-४ आकाराच्या एका पानावर सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपक्यांच्या जागा येतात, आणि त्यांतील प्रत्येक जागा काळी की पांढरी हे लेसरचा किरण त्या जागेवर पोहोचण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. हा निर्णय संगणकाने घेऊन तयार ठिपके प्रिंटरकडे पाठवावेत, की पानाचे वर्णन पाठवून ठिपके काढण्याचे काम प्रिंटरवरच सोपवावे, हा या क्षेत्रातला मूळ प्रश्न आहे. वर्णन पाठवण्याचा मार्ग घेतला, तर ते वर्णन कोणत्या तरी ठरलेल्या भाषेत करावे लागते. पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल आणि त्यांच्या कुळातल्या इतर भाषा यासाठीच जन्माला आल्या, आणि पान-वर्णन भाषा हे नाव त्यांना शोभणारे आहे.

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की हे दोघे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात याच स्वरूपाच्या एका भाषेवर काम करत होते. ती भाषा कंपनी बाजारात आणत नाही असे दिसल्यावर त्यांनी १९८२ मध्ये बाहेर पडून अडोबी ही कंपनी स्थापन केली, आणि १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट जगापुढे आली. पुढच्याच वर्षी आलेल्या ॲपलच्या लेझररायटर प्रिंटरमध्ये ती भाषा वाचून तिच्या आज्ञा पाळणारा प्रोग्राम, म्हणजे इंटरप्रिटर, बसवलेला होता. त्या प्रिंटरमधील मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झ गतीने चालत असे, तर ॲपलच्याच ज्या मॅकिंटॉश संगणकावरून त्याला काम पाठवले जाई त्याची गती ८ मेगाहर्ट्झच्याही किंचित खालीच होती. म्हणजे त्या जोडीत अधिक वेगवान संगणक प्रिंटरच्या पेटीत होता. त्याची मेमरी दीड मेगाबाइट होती आणि इंचाला ३०० ठिपक्यांचे एक पूर्ण पान साठवण्यातच त्यातली एक मेगाबाइटहून अधिक जागा खर्ची पडत असे. उरलेल्या तुटपुंज्या जागेत इंटरप्रिटर आपला हिशेब करी. त्या काळच्या प्रिंटरांना पान छापायला वेळ का लागे, याचे बरेचसे उत्तर या आकड्यांत आहे.

पोस्टस्क्रिप्टचे स्वरूप समजल्याखेरीज पुढचे दोष समजणार नाहीत, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. पोस्टस्क्रिप्ट फाईल साध्या मजकूर संपादकात उघडली तर तीत शब्द आणि आकडे दिसतात. चित्र दिसत नाही. पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्याला शून्य धरायचे, इंचाचा ७२ वा भाग हे एकक मानायचे आणि तिथून उजवीकडे व वर मोजत जायचे, अशी तिची मोजदाद असते. ‘७२ ७२० मूव्हटू’ या आज्ञेचा अर्थ डावीकडून एक इंच आणि खालून दहा इंच अंतरावर लेखणी न्यावी, असा होतो. आधी आकडे आणि शेवटी क्रिया हा क्रम मराठी वाक्यासारखाच आहे. कर्म आधी येते, क्रियापद शेवटी. आकडे येतील तसे इंटरप्रिटर ते एका चळतीवर रचत जातो, क्रिया आली की तिला हवे तितके आकडे वरून उचलतो आणि काम उरकतो. फॉन्ट निवडला जातो, अक्षरे मांडली जातात, रेषा ओढल्या जातात, बंद आकृत्या भरल्या जातात; हे सारे प्रिंटरच्या मेमरीतील अदृश्य पानावर घडते. शेवटी ‘शोपेज’ ही आज्ञा आली की ते पान कागदावर उतरते. ही आज्ञा काही कारणाने पोहोचलीच नाही, तर प्रिंटरने सारे कष्ट केलेले असतात आणि तरी कागद बाहेर येत नाही. दिवा लुकलुकतो, थोड्या वेळाने थांबतो आणि कुठलीही तक्रार नोंदली जात नाही. असा प्रिंटर बिघडलेला ठरवून दुरुस्तीला पाठवलेला मी पाहिला आहे.

पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण वाढ झालेली प्रोग्रामिंग भाषा आहे, ही गोष्ट अनेक संगणक जाणणाऱ्यांनाही माहीत नसते. तिच्यात आवर्तने आहेत, अटी आहेत, नव्या आज्ञा घडवण्याची सोय आहे. त्यामुळे काही ओळींची फाईल प्रिंटरला तासन्‌तास गुंतवून ठेवू शकते, आणि एखादे पान किती वेळात तयार होईल हे ते प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पन्नासावे पान हवे असले तरी तत्त्वतः आधीची एकोणपन्नास पाने चालवावी लागतात, कारण पन्नासाव्या पानावर वापरलेली एखादी आज्ञा तिसऱ्या पानावर घडवलेली असू शकते. फाईल लिहिणाऱ्या प्रोग्रामने पाने परस्परांपासून अलग ठेवण्याची शिस्त पाळली आणि तसे टिपांमधून नोंदवले, तरच पान सुटे काढता येते. ही शिस्त पाळण्याची सक्ती भाषा स्वतः करत नाही.

याच कारणाने पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर अडखळला की कधी कधी एक कागद बाहेर टाकतो. त्यावर चूक कोणत्या प्रकारची आहे, ती घडवणारी आज्ञा आणि त्या क्षणी चळतीवर काय होते, हे छापलेले असते. लोक तो कागद चुरगळून टाकतात. वास्तविक त्या प्रसंगातला तो सर्वांत प्रामाणिक जबाब असतो. ‘व्हीएम-एरर’ असे लिहिलेले असेल तर प्रिंटरची मेमरी अपुरी पडलेली असते; ‘लिमिटचेक’ असेल तर एखादी मर्यादा ओलांडलेली असते. जुन्या, पहिल्या पातळीच्या पोस्टस्क्रिप्टमध्ये एका आकृतीच्या रेषेत १५०० बिंदूंची मर्यादा असे आणि नकाशांसारखी वळणदार चित्रे त्या मर्यादेवर नेमकी आपटत. अनोळखी आज्ञा असा उल्लेख असेल, तर बहुधा फाईलचा सुरुवातीचा भाग वाटेत हरवलेला असतो किंवा ती लिहिणारा प्रोग्राम चुकलेला असतो. यातल्या एकाही प्रसंगी प्रिंटर नवा घेण्याचे पहिले पाऊल उचलण्याची गरज नसते.

आपल्या लेखात ज्या प्रकाराला ‘प्रिंटर वेडा होणे’ म्हटले आहे, म्हणजे एका पानाऐवजी पन्नास कागदांवर अगम्य अक्षरे छापून येणे, त्याचे कारण तर भाषेच्या गोंधळाइतके साधे आहे. ह्युलेट-पॅकार्डची पीसीएल ही भाषा पोस्टस्क्रिप्टहून अगदी वेगळ्या घडणीची आहे. तीत आज्ञांची सुरुवात एस्केप या न दिसणाऱ्या चिन्हाने होते, ज्याचा संकेतांक २७ आहे, आणि ज्याच्या आधी ते चिन्ह नाही ते सारे छापायचा मजकूर समजले जाते. आता पोस्टस्क्रिप्ट फाईल केवळ पीसीएल जाणणाऱ्या प्रिंटरकडे गेली तर काय होईल? त्यात एस्केप चिन्ह नसते, म्हणून प्रिंटर सगळी फाईल मजकूर समजतो आणि आज्ञाच अक्षरशः छापत सुटतो. अशा गठ्ठ्याच्या पहिल्या कागदावर वरच्या डाव्या बाजूला टक्क्याचे चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पुढे पी-एस ही रोमन अक्षरे दिसली, तर निदान झालेच म्हणून समजावे. दोन्ही भाषा जाणणारे प्रिंटर याच सुरुवातीच्या खुणेवरून आपली भाषा ओळखतात, किंवा कामाच्या आरंभी जोडलेल्या पीजेएल नावाच्या छोट्या प्रस्तावनेत पुढचा मजकूर कोणत्या भाषेत आहे हे त्यांना सांगितलेले असते. काम मध्येच रद्द केले, ही प्रस्तावना त्यासोबत नाहीशी झाली आणि उरलेले अर्धे काम रांगेत तसेच राहिले, तर प्रिंटर पुन्हा तोच प्रकार करतो. अशा वेळी कागदाचा ट्रे बाहेर ओढावा, संगणकावरील रांग रिकामी करावी आणि मगच प्रिंटर बंद करून सुरू करावा. नुसता प्रिंटर बंद-चालू केला तर रांगेतले अर्धे काम पुन्हा त्याच्याकडे येऊन पोहोचते.

फॉन्टच्या प्रश्नाकडे येतो, कारण अर्ज, प्रवेशपत्रे आणि प्रश्नपत्रिका घरी छापणाऱ्या वाचकांना सर्वाधिक मनस्ताप याच बाबतीत होतो.

पानाच्या वर्णनात अक्षरांचे चित्र नसते. अमुक फॉन्टमधील अमुक क्रमांकाचे अक्षररूप अमुक ठिकाणी ठेवा, एवढीच आज्ञा असते. अक्षराची बाह्यरेषा फॉन्टमध्ये वक्ररेषांच्या सूत्रांनी नोंदलेली असते. प्रिंटर ती सूत्रे हव्या त्या आकारात मोजून तिचे ठिपके बनवतो, तयार झालेले ठिपके आपल्या साठ्यात ठेवतो, आणि तेच अक्षर त्याच आकारात पुन्हा आले की मोजणी न करता साठ्यातले वापरतो. ही व्यवस्था फॉन्ट हाताशी असेल तोपर्यंत सुरेख चालते. फॉन्ट फाईलमध्ये समाविष्ट केलेला नसेल, तर वाचणारा प्रोग्राम तो आधी संगणकावर किंवा प्रिंटरमध्ये शोधतो, आणि तिथेही नसला तर त्याच्या जागी दुसरा घालतो. रोमन लिपीत ही बदली पुष्कळदा खपून जाते, कारण प्रत्येक अक्षराची रुंदी फाईलमध्ये नोंदलेली असते आणि बदली फॉन्ट त्या रुंदीत ताणून किंवा आवळून बसवता येतो. पान थोडे कुरूप दिसते, पण वाचता येते.

देवनागरीत मात्र अशी बदली बहुतेक वेळा पानाचा नाश करते. आपण ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी टाइप करतो, पण छापताना वेलांटी आधी ठेवावी लागते. जोडाक्षरांची, रफाराची आणि अर्ध्या अक्षरांची रूपे फॉन्टमध्ये स्वतंत्र चित्रे म्हणून असतात आणि त्यांचे क्रमांक प्रत्येक फॉन्टमध्ये निराळे असतात. ही सारी जुळणी लेखनाचा प्रोग्राम करतो. छपाईच्या फाईलमध्ये पोहोचतात ते त्या विशिष्ट फॉन्टमधील चित्रांचे क्रमांक. प्रिंटरला क्ष किंवा त्र ही अक्षरे म्हणून माहीत नसतात, त्याला फक्त क्रमांक माहीत असतो. फॉन्ट बदलला की त्या क्रमांकांना काही अर्थ उरत नाही, आणि पानावर चौकोन, प्रश्नचिन्हे किंवा भलतीच अक्षरे येतात. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतांक-पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या जुन्या मराठी फॉन्टची गत आणखी वाईट आहे. त्यांनी देवनागरी चित्रे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेली असल्याने फॉन्ट नसलेल्या ठिकाणी सबंध अर्ज निरर्थक रोमन अक्षरांत छापला जातो. विशेष हे की फाईल बनवणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही. त्याच्या संगणकावर तो फॉन्ट बसवलेला असतो, त्यामुळे त्याच्या पडद्यावर आणि त्याच्या प्रिंटरवर सारे निर्दोष असते. तक्रार घेऊन आलेल्याला तो सहज सांगतो, ‘आमच्याकडे तर व्यवस्थित निघते.’ त्याचे म्हणणे खरे असते आणि म्हणूनच निरुपयोगी असते.

याच्या उलट एक प्रकार आहे, जो छपाईशी संबंधित नसला तरी नेहमी छपाईच्या नावावर खपतो. फाईलमध्ये फॉन्ट नीट समाविष्ट असतो, छापील पान अचूक येते, पण त्यातला मराठी मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की वेलांट्या भलतीकडे जातात. छापण्यासाठी चित्रांचे क्रमांक पुरतात. मजकूर उचलण्यासाठी त्या क्रमांकांवरून मूळ अक्षरांकडे नेणारा तक्ता फाईलमध्ये असावा लागतो, आणि तो नसला किंवा अपुरा असला तरी छपाईला काही बाधा येत नाही. हे दोन दोष एकाच खात्यात टाकू नयेत.

प्रिंटरमध्ये कायम बसवलेल्या फॉन्टमुळेही गंमत होते. काही ड्रायव्हर वेग वाढवण्यासाठी फाईलमधील फॉन्ट पाठवण्याऐवजी त्याच्यासारखा दिसणारा प्रिंटरमधला फॉन्ट वापरतात. मजकूर साधा असेल तर फरक कळतही नाही. पण युरो चलनाचे चिन्ह अस्तित्वात येण्यापूर्वी तयार झालेल्या प्रिंटरच्या फॉन्टमध्ये ते चिन्ह असणे शक्यच नव्हते, आणि अशा यंत्रावर छापलेल्या बिलांत रकमेच्या आधीची जागा रिकामी राही. ड्रायव्हरच्या प्रगत रचनेत जाऊन फॉन्टची अदलाबदल बंद केली की हा दोष जातो. आपल्या लेखातील ड्रायव्हर पुन्हा बसवण्याच्या उपायाने तो जाणार नाही, कारण नव्याने बसवलेला ड्रायव्हरही तीच मूळ रचना घेऊन येतो.

पीडीएफमुळे हे प्रश्न संपले, असा समज आहे. तो अर्धा खरा आहे. अडोबीनेच १९९३ मध्ये आणलेल्या या स्वरूपात पोस्टस्क्रिप्टची चित्रपद्धती ठेवली आणि प्रोग्रामिंगचा भाग काढून टाकला. पीडीएफच्या पानात आवर्तने व अटी नसतात, प्रत्येक पानापर्यंत थेट पोहोचण्यासाठी फाईलमध्ये सूची असते, आणि २००८ पासून तिचा आंतरराष्ट्रीय मानकात समावेश झालेला आहे. तरीही पीडीएफ थेट समजणारा प्रिंटर सर्वांकडे नसतो. बहुतेक वेळा संगणकावरील वाचक-प्रोग्राम पीडीएफचे पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल बनवतो, काही वेळा संगणकच सर्व ठिपके काढून पाठवतो, आणि मोबाईलवरून छापताना तर पुष्कळदा फोनच ते काम करतो. एकच फाईल एकाच प्रिंटरवर दोन वाटांनी गेली तर दोन वेगळे निकाल मिळू शकतात, ते यामुळे. फोनवरून छापलेले पान नीट आले आणि संगणकावरून बिघडले, तर प्रिंटर निर्दोष असल्याचा तो चांगला पुरावा असतो.

या भाषांतरात सर्वांत जास्त हाल होतात ते पारदर्शकतेचे. पोस्टस्क्रिप्टच्या जगात रंग अपारदर्शक असतो. नंतर लावलेला रंग आधीचा पूर्ण झाकतो. पीडीएफमध्ये २००१ साली अर्धपारदर्शक रंगांची सोय आली आणि सावल्या, धूसर कडा, पाठीमागून दिसणारी बोधचिन्हे यांचा सुकाळ झाला. असे पान पोस्टस्क्रिप्टमध्ये नेताना एकमेकांवर आलेल्या आकृत्या कापून त्यांचे अनेक अपारदर्शक तुकडे करावे लागतात आणि काही भाग ठिपक्यांच्या चित्रात बदलावे लागतात. दोन तुकड्यांच्या सांध्यावर केसाइतक्या पांढऱ्या रेषा दिसू लागतात, सावलीच्या हद्दीत आलेली अक्षरे बाजूच्या अक्षरांपेक्षा जाड होतात, आणि छोट्याशा फाईलचेही फार मोठे काम होते. मोठ्या छापखान्यांसाठी पीडीएफ थेट वाचून ठिपके काढणारी यंत्रणा २००६ पासून आली, त्यानंतर तिथला हा त्रास बराच कमी झाला. अर्जाच्या पार्श्वभूमीवर फिकट बोधचिन्ह घालण्याची हौस मात्र अजूनही घरगुती प्रिंटरना भोवते. ज्या कागदाचे काम केवळ माहिती भरून घेण्याचे आहे, त्यावर ती हौस भागवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मेमरीचा प्रश्न आज पूर्वीइतका तीव्र नाही, तरी पूर्ण गेलेला नाही. लेसर प्रिंटरच्या यंत्राचा एक स्वभाव असा की कागद एकदा ड्रमकडे, म्हणजे त्यावर चित्र उमटवणाऱ्या दंडगोलाकडे, सरकू लागला की तो मध्येच थांबवता येत नाही. किरणाला ठरलेल्या गतीने ठिपके मिळत राहावेच लागतात. ज्या प्रिंटरांत पूर्ण पान साठवण्याइतकी जागा नसते ते पानाचे आडवे पट्टे करतात आणि एक पट्टा छापला जात असताना पुढच्याचे ठिपके काढतात. एखाद्या पट्ट्यात चित्रांची आणि बारीक आकृत्यांची गर्दी झाली आणि ठिपके वेळेत तयार झाले नाहीत, तर पान अर्धवट छापले जाते आणि ‘पान फार गुंतागुंतीचे आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. अशा वेळी ठिपक्यांची घनता ६०० वरून ३०० वर आणली तर काम चौपटीने हलके होते. वाचनीय मजकुरात त्याने विशेष उणीव जाणवत नाही.

बारीक रेषांबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तक्त्यांच्या चौकटी छपाईत नाहीशा होतात ही तक्रार फार ऐकू येते. या भाषांमध्ये रेषेची जाडी शून्य देता येते आणि तिचा अर्थ ‘या यंत्रावर शक्य तितकी बारीक’ असा केला जातो. इंचाला ३०० ठिपक्यांच्या प्रिंटरवर ती रेष मिलिमीटरच्या आठ-शतांश भागाइतकी होते आणि स्वच्छ दिसते. तीच फाईल इंचाला २४०० ठिपके काढणाऱ्या, छापखान्याच्या प्लेट बनवणाऱ्या यंत्रावर गेली की ती शतांश मिलिमीटरची होते आणि डोळ्यांना सापडत नाही. यंत्राने आज्ञा अक्षरशः पाळलेली असते. चौकटीच्या रेषेला पाव पॉइंट (पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग) का होईना, निश्चित जाडी द्यावी. राखाडी छटांचेही असेच आहे. काळ्या टोनरचा प्रिंटर राखाडी रंग जाणत नाही. तो आठ बाय आठ ठिपक्यांच्या घरात कमी-अधिक ठिपके भरून छटेचा आभास निर्माण करतो, आणि म्हणून फिकट राखाडी रंगात लिहिलेली बारीक सूचना पडद्यावर सुबक दिसली तरी कागदावर विरळ ठिपक्यांत विरून जाते. रंगीत प्रिंटरवर अक्षरांचा काळा रंग पडद्याच्या तीन रंगांत नोंदलेला असेल, तर तो कधी कधी चारही टोनर मिसळून छापला जातो आणि रंगांची जुळणी किंचित सरकली की अक्षरांच्या कडांना रंगीत किनार येते.

कागदाच्या आकाराबद्दल थोडक्यात. लेटर हा अमेरिकेत प्रचलित आकार ६१२ बाय ७९२ एककांचा (एकक तेच, इंचाचा ७२ वा भाग) आणि ए-४ सुमारे ५९५ बाय ८४२ एककांचा असतो. प्रोग्रामची मूळ रचना न बदलता बनवलेली फाईल पुष्कळदा लेटर आकाराची मागणी करते, आणि ट्रेमध्ये ए-४ भरलेला प्रिंटर तो कागद मिळेपर्यंत दिवा लुकलुकवत थांबतो. पुष्कळांना तो बंद पडल्यासारखा वाटतो. खऱ्या आकारात छापायचे ठरवले तर रुंदीतले सुमारे ६ मिलिमीटर कागदाबाहेर जातात; पानात बसवायचे ठरवले तर सगळे पान काही टक्क्यांनी लहान होते आणि छायाचित्राची चौकट, बारकोड व मोजमापाच्या आकृत्या यांची मापे बदलतात. ज्या कागदावर माप महत्त्वाचे आहे, त्यावर ‘ही रेष १०० मिलिमीटर भरली पाहिजे’ अशी एक रेष छापून ठेवणे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे.

आपल्या लेखात दिलेला एक उपाय मात्र खरोखर उपयोगी आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे: पीडीएफ वाचकातील ‘चित्र म्हणून छापा’ हा पर्याय. त्याने संगणकच पानाचे ठिपके बनवतो आणि प्रिंटरमधील इंटरप्रिटरला फॉन्ट, पारदर्शकता, चळत यांपैकी कशाचाही विचार करावा लागत नाही. पडद्यावर बरोबर दिसलेले पान यामुळे बहुधा बरोबर उतरते. काम मोठे होते, छपाई मंदावते आणि बारीक अक्षरांच्या कडा थोड्या खडबडीत येतात, एवढी किंमत मोजावी लागते. अडल्या वेळी ती मोजावी. परंतु पडद्यावरच चौकोन दिसत असतील, तर या उपायाने कागदावरही सुबक चौकोनच उमटतील.

म्हणून माझी विनंती प्रिंटर वापरणाऱ्यांपेक्षा, लोकांनी छापून आणावेत म्हणून अर्ज व कागद प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांना आहे. दीर्घकाळ जतन करायच्या दस्तऐवजांसाठी पीडीएफ-ए हे मानक २००५ सालापासून उपलब्ध आहे. त्यात वापरलेले सर्व फॉन्ट फाईलमध्ये समाविष्ट असणे बंधनकारक आहे, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीत पारदर्शकतेला मनाई आहे. वर सांगितलेल्या दोषांपैकी सर्वांत त्रासदायक दोन दोष त्या एका निवडीने टळतात आणि लेखनाचे प्रचलित प्रोग्राम या स्वरूपात फाईल जतन करण्याची सोय देतात. आपल्या दैनिकाने याच पुरवणीत पुढचा लेख दिला, तर तो अर्ज बनवणाऱ्यांना उद्देशून असावा असे सुचवतो. वाचकांनी तोपर्यंत आपल्या पीडीएफ वाचकात दस्तऐवजाच्या गुणधर्मांतील फॉन्टची यादी उघडून पाहावी. ज्या फॉन्टच्या नावापुढे तो समाविष्ट असल्याची नोंद नसेल, त्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर कसा छापला जाईल याची हमी ती फाईल देत नाही, आणि तक्रार त्या फाईलच्या कर्त्याकडे, यादीच्या छायाचित्रासह, पाठवावी.

आपला विश्वासू,
एक वाचक